आमच्या वस्तीतल्या आशाताईंना (म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आशा आरोग्य सेविकेला), दादाच्या टीबीच्या निमित्ताने

ताई, समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणत पुढच्या घरी पळता, म्हणून इथे लिहितोय, चार लोकांनी वाचलं तर बरंच आहे.

दादाला टीबी निघाला तेव्हा औषधाचं टेन्शन नव्हतंच, सरकारी गोळ्या फुकट, 6 महिन्यांचा कोर्स. पण भिवंडीत लूमवर (यंत्रमागावर) विणलेल्या कापडाच्या मीटरवर पैसे मिळतात, घरी बसलं की कमाई शून्य, आणि सेठने तर खोकला ऐकूनच येऊ नको सांगितलं. मग जरा बरं वाटायला लागलं तशा गोळ्या चुकायला लागल्या. सगळे त्याच्यावर ओरडत होते. सकाळी काय खाल्लंस, असं विचारलं ते फक्त तुम्ही. काहीच नाही! पोरांना पुरावं म्हणून हा उपाशी, उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की उलटी, म्हणून गोळीच नको.

मग तुम्ही त्याचं बँक खातं मार्गी लावलं, निक्षय पोषणचे, म्हणजे टीबी पेशंटच्या खाण्यासाठी सरकार देतं ते पैसे सुरू झाले (तेव्हा महिन्याला 500, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झालेत), 500 मध्ये काय होतं म्हणा, पण अंडी तरी झाली. निक्षय मित्रांकडून (टीबी पेशंटना मदत करायला स्वतःहून पुढे येणारे लोक) धान्याचं किट आणलं, पोरांची तपासणी केली. खोलीमालक खोली खाली करा म्हणत होता, त्याला समजावलं की औषध नीट चालू असलं की काही आठवड्यांतच लागणीची भीती खूप कमी होते. आणि नळावर बायका कुजबुजायच्या तेव्हा तुम्ही आमच्या दारात बसून सगळ्यांदेखत चहा प्यायलात, त्यानंतर वहिनीशी लोक परत बोलायला लागले.

झारखंडमध्ये आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) अभ्यासात 2019 ते 2022 दरम्यान पेशंटच्या घरच्यांना दरमहा धान्य दिलं, तर घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण साधारण 40 टक्क्यांनी कमी झालं, हे मी नंतर वाचलं. तुम्हाला ते कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि एवढ्या सगळ्याचे तुम्हाला कोर्स पूर्ण झाल्यावर 1000 रुपये. 6 महिन्यांचे! आझाद मैदानात आशाताई आंदोलनाला बसल्या तेव्हा नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

दादा आता दुसऱ्या सेठकडे लागलाय, नाइट घेत नाही. 2 वर्षं दर 6 महिन्यांनी तपासणी आहे ना, त्या दिवशी जेवायलाच या, वहिनीने बजावून सांगितलंय.