शून्यावर नऊ आले कुठून?

मा. संपादक,

द्विशिक्षकी शाळांत चौथीची मुले तिसरीला गणित शिकवतात, याकडे शिक्षक अपुरे असल्याची तडजोड म्हणूनच पाहिले जाते. अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकांनी मद्रासच्या अनाथालयात हीच रीत बसवली आणि १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तिका काढली. पुढे इंग्लंडमध्ये ती पसरली, त्यातही खर्च वाचतो हे मोठे आकर्षण होते. शिकवणाऱ्या मुलाच्या पदरात काय पडते, हा प्रश्न आजही मागेच राहतो.

३०२ वजा १४७ हे गणित घ्या. चौथीचा मुलगा शून्य खोडतो, वर नऊ लिहितो आणि १५५ काढून मोकळा होतो. तिसरीची मुलगी विचारते, ‘दादा, उसने तर दहा घेतो ना? मग नऊ कसे?’ इथे तो अडतो. तिची शंका रास्त आहे. दहाच धरले तर उत्तर १६५ येते.

अशा वेळी खेळातल्या नोटा काढाव्यात. शंभराच्या तीन नोटा आणि दोन सुटे रुपये. एक शंभर मोडला की दहाच्या दहा नोटा मिळतात. त्यातली एक मोडून सुटे केले की हातात बारा रुपये आणि दहाच्या नऊच नोटा उरतात. हे तिला दाखवताना त्या नऊचा उलगडा मुलाला स्वतःलाही होतो. वर्षभर तो नुसती खूण गिरवत होता.

मात्र पेन्सिल शिकणाऱ्याच्याच हातात राहिली पाहिजे. ती दादाकडे गेली की शिकवणे संपते आणि उत्तर सांगणे सुरू होते. पंधरा मिनिटे पुरतात. आदल्या दिवशी त्याच्याकडून दोन उदाहरणे कारणांसह बोलून घ्यावीत, नाहीतर तो पाठ केलेलेच म्हणून दाखवतो. ज्या प्रश्नावर अडला तो त्याने वहीत लिहावा आणि गुरुजींनी त्याच दिवशी सोडवून द्यावा. हे राहिले तर चुकीची समजूत दोघांच्याही डोक्यात घट्ट बसते.

मुख्याध्यापकांना एकच कळकळीची विनंती. दर वेळी वर्गातल्या पहिल्या नंबरालाच उभे करू नका. ज्याला हातच्याची वजाबाकी मागच्याच महिन्यात कशीबशी जमली, त्याला पाठवा. ३०२ मधून १४७ वजा करताना प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढत २४५ हे चुकीचे उत्तर कसे येते, हे त्याला चांगले आठवत असते.

– काही प्राथमिक शिक्षक, सातारा