काडतुसामागे पाच सेंट

महोदय,

अमेरिकेतील बंदूक-करावरचा आपला मजकूर वाचला. कराचे समर्थक आणि विरोधक दोघेही त्यात भरपूर बोलले आहेत. कर नेमका बसतो कसा, हे मात्र कुठेच नाही. अमेरिकी घटनेने दिलेल्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काला धक्का लागतो की नाही, ते तर त्यावरच ठरते.

सिएटल शहराने 1 जानेवारी 2016 पासून दर बंदुकीमागे 25 डॉलर आणि दर काडतुसामागे 5 सेंट लावले; .22 (इंचांतला व्यास) किंवा त्याहून लहान काडतुसाला 2 सेंट. भरायचा दुकानदाराने, म्हणजे अर्थातच गिऱ्हाइकाने. कारण रास्त होते. 2014 मध्ये तिथल्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात गोळी लागलेल्या 253 जणांच्या उपचारांवर 1 कोटी 70 लाख डॉलरहून अधिक खर्च झाला आणि त्यातला मोठा वाटा करदात्यांच्या खिशातून गेला.

गोम आहे ती ठरावीक रकमेत. 200 डॉलरच्या साध्या पिस्तुलावर 25 डॉलर म्हणजे साडेबारा टक्के. 2,000 डॉलरच्या हौशी रायफलीवर सव्वा टक्का. .22 ची सवलतही फसवी. सरावाचे हे स्वस्त काडतूस 500 च्या खोक्यात मिळते. खोके 40 डॉलरचे धरले तर कर 10 डॉलर, म्हणजे पंचवीस टक्के! शिकारीचे एकेक काडतूस दोन डॉलरला पडत असेल, तर त्यावर अडीचच टक्के. स्वसंरक्षणासाठी स्वस्तातले पिस्तूल घेणारा आणि नेम शिकणारा, या दोघांवरच बोजा जास्त. चोरीच्या पिस्तुलाला तर कुठलाच कर नाही.

दुसरी अडचण हद्दीची. जकात चुकवण्याचे प्रकार आपण पाहिले आहेत. तिथे चुकवायला नाकासुद्धा नाही. कर शहरातल्या विक्रीवर, त्यामुळे शेजारच्या गावातून माल घेतला की झाले. वर्षाला 3 ते 5 लाख डॉलर जमतील असा अंदाज होता, पहिल्या वर्षी जेमतेम लाखभर जमले.

सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात येते, तिथे बंदुकांचे नियम करण्याचा अधिकार राज्याचा, शहरांचा नाही. तरीही 2017 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, हा नियम नसून कर आहे, असे आठ विरुद्ध एक मतांनी ठरवले. शस्त्र बाळगण्याच्या हक्काचे काय, हा प्रश्न तिथे सुटलाच नाही. शिकागो इलिनॉय राज्यातल्या ज्या कुक काउंटीत (जिल्ह्यात) येते, तिथेही बंदुकीमागे 25 डॉलर होते. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ते अवैध ठरवले, कारण मूलभूत हक्काच्या वापरावर कर लावून पैसा सर्वसाधारण तिजोरीत जात होता. काउंटीने त्याच वर्षी हा पैसा बंदूक-हिंसा रोखण्याच्या कामाकडे वळवला आणि कर चालू ठेवला. गिऱ्हाइकाच्या पावतीत एका सेंटचाही फरक नाही!

म्हणून पैसा कुठे जातो ही कसोटी मला अपुरी वाटते. पैसा चांगल्या कामाला लागला म्हणून भरणाऱ्याचा भार कमी होत नाही. वृत्तस्वातंत्र्यही मूलभूत हक्कच; वृत्तपत्रांचेच पाहा. कागद आणि शाईवरचा मिनेसोटा राज्याचा खास कर अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये रद्द केला. पुढच्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आयात वृत्तपत्री कागदावरील शुल्काचा फेरविचार करायला केंद्राला सांगितले. वृत्तपत्रांवर कर लावता येतो, पण त्याचे ओझे किती हे न्यायालय तपासू शकते, अशी आपल्या न्यायालयाची भूमिका होती. बंदुकीचा हक्क आपल्या घटनेत नाही, पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. तेव्हा नुसते दर शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

खास कर म्हटला की तो घटनाबाह्यच, हे मात्र पटत नाही. बंदुका आणि काडतुसांवर अमेरिकेत 1919 पासून केंद्रीय कर आहे. आज तो 10 ते 11 टक्के असून 1937 च्या कायद्याने वन्यजीव संवर्धनाला जातो. कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर आणखी 11 टक्के लावले. भार एकावर एक चढतो खरा, पण कर टक्क्यांत आणि राज्यभर आहे, त्यामुळे सिएटलचे दोन्ही दोष बऱ्याच अंशी टळतात. शहरांना कर ठेवायचाच असेल, तर निदान तो टक्क्यांत असावा आणि नेमबाजीच्या रेंजवर विकून तिथेच झाडल्या जाणाऱ्या काडतुसांना त्यातून वगळावे.

— एक वाचक, ठाणे