पाडव्याच्या पानातली पचडी

मा. संपादक, स. न. वि. वि.

गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाची पाने गूळ-जिऱ्यासह वाटून खातो. त्याच दिवशी सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक पद्मशाली (विणकर समाजातील) घरांत उगादीची, म्हणजे तेलुगू नववर्षाची, पचडी होते, जिच्यात कडुनिंबाचा मोहोर, कैरी, चिंच, गूळ, मीठ आणि तिखट यांमुळे सहाही रस एकत्र येतात. शेजारणीने शिकवलेली ही पचडी कित्येक वर्षे आमच्या पाडव्याच्या पानात आहे. ईदचा शीरखुर्माही (फारसीत शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर) तितक्याच हक्काने येतो. ‘परक्यांचे सण कशाला?’ असे हल्ली ऐकू येते, तेव्हा मन दुखते. मात्र पदार्थ आपलासा करताना त्यामागचा भाव त्या घरातील वडीलधाऱ्यांकडून समजून घेऊन मुलांना सांगावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, सोलापूर