स्टील्स रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही विचारलंत की कॅनडात गांजाला परवानगी आहे, म्हणजे संध्याकाळी बागेत तो वास सहन करायचाच का? उत्तर तुम्ही टोरांटोच्या उत्तर हद्दीवरच्या स्टील्स रस्त्याच्या कुठल्या बाजूला फिरायला गेलात त्यावर आहे.

17 ऑक्टोबर 2018 पासून देशभर गांजा कायदेशीर झाला. ऑन्टॅरिओत वयाची अट 19 वर्षं, आणि जवळ जास्तीत जास्त 30 ग्रॅम सुका गांजा बाळगता येतो. ओढायचा कुठे, याचा प्रांताचा नियम साधारण असा: जिथे सिगारेट चालते, तिथे गांजाही चालतो. टोरांटोत हाच नियम, म्हणून तिथे फुटपाथवर वास येणारच. मात्र शाळा आणि मुलांच्या खेळाच्या जागेपासून 20 मीटर, हॉटेलच्या उघड्या अंगणापासून 9 मीटर लांब राहावं लागतं. 9 मीटर म्हणजे एकामागे एक लावलेल्या दोन मोटारी, 20 म्हणजे चार-पाच. झोपाळ्यापाशी बसून कुणी ओढत असेल तर ते बेकायदाच आहे. दंड पहिल्यांदा 1,000 डॉलरपर्यंत, पुन्हा सापडल्यास 5,000 पर्यंत. पण तुम्ही वाद घालू नका, बाकडं बदला. घरी आल्यावर 311 ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या फोन नंबरवर, मी कळवीन.

यंग स्ट्रीटच्या पूर्वेला स्टील्स ओलांडून उत्तरेकडच्या गल्लीत शिरलात की मार्कहॅम लागतं. तिथल्या नगरपालिकेने वेगळा उपनियम केलाय: सार्वजनिक जागी गांजा ओढायचाच नाही, फक्त खासगी घरी. बाग नाही, फुटपाथ नाही. मला हा नियम जास्त पटतो, कारण अंतर मोजत बसावं लागत नाही. मार्कहॅमने गांजाच्या दुकानांनाही नकार दिला. टोरांटोशेजारच्या मिसिसागा शहरानेही आधी तसंच केलं होतं, 2023 मध्ये मत बदललं. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका.

शेजारच्या बाल्कनीतून वास आला तर नगरपालिका फारसं काही करत नाही. तिथे इमारतीची स्वतःची नियमावली लागू होते.

आई, वासापेक्षा मला काळजी गांजा घातलेल्या खायच्या गोळ्यांची आहे. त्या अगदी आपल्या जेलीच्या गोळ्यांसारख्या दिसतात. पाकिटावर लाल अष्टकोनात पांढरं पान आणि टीएचसी (THC, गांजातला नशा आणणारा घटक) अशी अक्षरं असतात, तेवढी खूण लक्षात ठेव. एका पाकिटात 10 मिलिग्रॅमपर्यंत टीएचसी असतं. परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात, त्यामुळे "काहीच झालं नाही" म्हणत लोक दुसरी खातात, आणि मग चक्कर, धडधड, भीती सुरू होते. तुमच्या बीपीच्या गोळ्या चालू असताना कुणी प्रेमाने दिली तरी घेऊ नका.

आणि परत येताना त्यातलं काहीही बॅगेत नको. कॅनडाबाहेर गांजा नेणं हा इथेही गुन्हा आहे, आणि आपल्याकडे अमली पदार्थांविरुद्धचा 1985 चा एनडीपीएस कायदा आहे. कुणी "मुलाला द्या" म्हणून बंद पाकीट हातात ठेवलं, तर आधी मला उघडून दाखवा. बॅगा मीच भरीन.

तुमची,
लेक