आठ तुकड्यांचे कोडे सुटणारच नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कोडे होते : १ ही संख्या आठ वेगवेगळ्या अपूर्णांकांच्या बेरजेत लिहा, प्रत्येकाचा अंश १ आणि छेद विषम हवा. हे सुटणार नाही. सगळे छेद विषम म्हणजे लसावि विषम. समच्छेद केल्यावर प्रत्येक अंशही विषमच येतो. आठ विषम संख्यांची बेरीज सम, ती विषम लसाविएवढी होणार कशी? पदांची संख्या विषमच लागते.

पाच पदे कमी पडतात : १/३ ते १/११ मिळून ०.८७८. सात पदे १/१५ पर्यंत घेतली तर बेरीज एकाच्या जराशी पुढे जाते, पण त्यात १/१३ आहे. १३ च्या पटीतला दुसरा छेद सोबत असल्याशिवाय तो १३ कटत नाही. १/१५ च्या जागी सोबतीला १/३९ घ्यावा, तर बेरीज ०.९८१ वर अडते. १/१७ चीही तीच गत. दोन्ही वगळले, तर १/१९ घेऊनही ०.९९७५ च. म्हणजे किमान नऊ पदे, आणि नऊ पदांत उत्तरे मोजून पाच. त्यांतले एक :

१/३ + १/५ + १/७ + १/९ + १/११ + १/१५ + १/३५ + १/४५ + १/२३१

लसावि ३४६५, अंश ११५५, ६९३, ४९५, ३८५, ३१५, २३१, ९९, ७७, १५. बेरीज करून पाहावी.

मुले इथे एक चूक हमखास करतात : दर वेळी बसेल तो सर्वांत मोठा अपूर्णांक उचलतात. मग छेद ३, ५, ७, ९, ११, १३, २३, ७२१ असे जातात आणि पुढचाच ९७९००७ येतो. पाटी तिथेच भरते. आपल्याकडे हिस्से आण्यांत सांगायची जुनी सवय, आठ आणे, चार आणे, सगळी दोनाची वाटणी. त्यामुळे विषम छेदांवर हात बसत नाही, तो भाग वेगळा.

खेड्यातल्या शाळेत ९४५ ही संख्या घ्यावी. स्वतःहून लहान भाजकांची बेरीज स्वतःपेक्षा जास्त भरते, अशी ही सर्वांत लहान विषम संख्या. असे भाजक १५, बेरीज ९७५, म्हणजे ३० जास्त. १५, ७, ५, ३ हे भाजक काढून टाका. उरलेल्या अकरा भाजकांएवढ्या चिंचोक्यांच्या राशी लावा : ३१५, १८९, १३५, १०५, ६३, ४५, ३५, २७, २१, ९, १. ९४५ चिंचोके नेमके संपतात. ९४५ ला प्रत्येक राशीने भागले की छेद मिळतात : ३, ५, ७, ९, १५, २१, २७, ३५, ४५, १०५, ९४५. २१ आणि ९ काढले तर तेरा पदांचे उत्तर निघते. ३० च्या जागी ३१ काढले, की एक चिंचोका हातात उरतो.

दुरुस्ती छापताना ‘आठ’ च्या जागी ‘अकरा’ छापावे. नऊ पदांचे उत्तर हाताने शोधणे आठवीच्या मुलालाही जड जाईल.

— एक गणित शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ