ब्रेक ऑईल भरत राहणे हा इलाज नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कापूस वेचणी सुरू झाली की पावसाळाभर कोठ्याजवळ उभ्या असलेल्या जुन्या ओम्नी, मारुती ८००, बोलेरो पुन्हा रस्त्यावर येतात. खासगी गाडीच्या नोंदणीचे १५ वर्षांनी नूतनीकरण होते ते पुढच्या ५ वर्षांसाठी. तेवढी वर्षे ब्रेकचे लायनर (घासून चाक थांबवणारा थर) आणि रबर वाट पाहत नाहीत. म्हणून अंगणात अर्ध्या तासात होणारी तपासणी प्रत्येक कास्तकाराला यायला हवी.

आपल्याकडे ब्रेक कमी लागला की आधी ब्रेक ऑईलच्या डबीत ऑईल ओततात. पण बंद डबीतले ऑईल आपोआप उडून जात नाही. पातळी हळूहळू उतरली तर पुढच्या चाकांचे पॅड (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या) झिजले असतील. झपाट्याने उतरली तर गळती आहेच. मागच्या टायरची आतली बाजू ओली दिसली तर व्हील सिलिंडरचे (चाकातला, ऑईलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) रबर गेले समजा. ते ऑईल लायनरने प्यायलेले असते, तो धुऊन उपयोग नाही. दोन्ही बाजूंचे लायनर बदला.

आता पॅडल. इंजिन सुरू ठेवून पॅडल मिनिटभर एकसारखे दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेले आणि बाहेर कुठेच ओल नसली, तर मास्टर सिलिंडरमधले, म्हणजे पॅडलच्या जोराने ऑईल दाबणाऱ्या भागातले, वॉशर झिजले आहेत. ऑईल आतल्या आतच मागे सरकते, त्यामुळे डबी भरलेली दिसते. याच दोषात माणूस हमखास फसतो. पॅडल स्पंजासारखे लागले तर लाइनमध्ये हवा आहे. पहिल्या दाबाला खोल जाऊन दुसऱ्याला वर आले, तर बहुधा मागचे शू, म्हणजे लायनर बसवलेल्या पट्ट्या, ढिले आहेत.

बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) तपासायला इंजिन बंद करून पॅडल चार-पाच वेळा मारा. ते कडक झाले की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पॅडल थोडे खाली गेले पाहिजे. गेले नाही तर बूस्टर आणि त्याची व्हॅक्यूम नळी पाहा. नळीला चीर असली तरी ब्रेक दगडासारखा होतो.

ब्रेक दाबल्यावर गाडी उजवीकडे ओढत असेल तर लोक उजवे चाक उघडतात. बहुतेक वेळा दोष डाव्या चाकात असतो; ते धरत नाही म्हणून गाडी उजवीकडे जाते. ब्रेक न दाबताही ओढत असेल तर गोष्ट उलटी. पाच-सात किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात न्या, रिमला लावू नका. जे जास्त तापले तेच अडकले आहे. हॅण्डब्रेक ओढून गाडी पावसाळाभर उभी ठेवली की गंजाने शू ड्रमला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्याला, चिकटतात. म्हणून उभी करताना गिअर टाकावा, चाकाला दगड लावावा आणि हॅण्डब्रेक मोकळा ठेवावा.

काळ्या मातीत नुसता जॅक धसतो. खाली जाड फळी हवीच. फक्त जॅकवरच्या गाडीखाली कोणी शिरू नये. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नये, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी.

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पॅडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर लायनर तापले आहेत. पॅडल मऊ पडून खाली गेले, तर ऑईल उकळले आहे. नवे डॉट ३ दर्जाचे ब्रेक ऑईल २०५ अंशांपर्यंत टिकते. ओल शोषलेले १४० च्या आसपासच उकळू शकते. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरावा. ऑईल दर दोन वर्षांनी बदलावे, आणि गेल्या वर्षी फोडलेल्या डब्यातले उरलेले वापरू नये. इंजिन ऑईल तर थेंबभरही टाकू नये, त्याने आतले सगळे रबर फुगते.

वेचणीचे मजूर याच गाड्यांतून वावरात जातात. हे पत्र हंगामाच्या तोंडावर छापावे, ही विनंती.

आपला,
एक मेकॅनिक वाचक
अचलपूर तालुका, जि. अमरावती