भिंतीवरची नावं

सोलापूर,
मंगळवार, रात्री

चि. राजास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री साडेअकराला तू गाडी काढलीस तेव्हा मी आतल्या खोलीत जागाच होतो. बाहेर आलो नाही, ही माझी चूक. आई फाटकापर्यंत आली, तिने शेंगाचटणीचा डबा दिला, तू तो घेतलास, एवढं मला आवाजावरून कळलं. मग मी पडल्या पडल्या रस्ता मोजत राहिलो. आता मोहोळ आलं असेल, आता टेंभुर्णी, आता इंदापूर. भिगवणच्या पुढे मला काही मोजवेना. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी ताईच्या फोनवर तुझा ‘पोचलो’ आला. गाडी चालवताना तुझा डोळा लागला नव्हता ना, एवढंच तिला विचारायला सांगितलं होतं. तिने विचारलं नाही.

ते असू दे. झोपेवर आज लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो आहे. लिहायचं आहे ते माळ्यावरच्या भिंतीबद्दल.

तू दहावीत होतास तेव्हापासून दारामागे पेन्सिलीने लिहीत होतास. नाव, तारीख, वय. मला ते कधीच आवडलं नाही. राहत्या घराच्या भिंतीवर गेलेल्या माणसांची नावं, तुझ्यासारख्याच डीजे आणि संगीतवाल्यांची, तीही कुठल्या कुठल्या मुलखातली, आणि त्यात एकही पिकलं पान नाही. दिवाळीच्या रंगात मी त्यावरून ब्रश फिरवला. हात अडखळला नाही, हे खरंच सांगतो. गड्ड्याच्या जत्रेला आलास, वर गेलास, खाली आलास आणि म्हणालास, ‘बाबा, जकार्डचे पुठ्ठे जाळले असतेत का?’ त्यावर मी बोलून गेलो की पुठ्ठ्यांवर आपलं पोट चाललं, या नावांवर कुणाचं चाललं? तुझं चालतंय. माझ्या तोंडून ते निघायला नको होतं.

पुठ्ठ्यांचं तू काढलंस ते माझ्या मनातून जात नाही. लहानपणी तूच विचारायचास, चादरीवर मोर कुठून येतो? मी मागावरचा तो भोकांचा पुठ्ठा उजेडासमोर धरून दाखवायचो. भोक असलं की दोरा वर उचलला जातो, नसलं की खालीच राहतो, आणि मधून आडवा दोरा घेऊन धोटा पळतो. गेल्या वर्षी तू लॅपटॉपवर चौकोन दाखवलेस, इथे ठोका आहे, इथे नाही. मला लगेच कळलं. तू चकित झालास. अरे, आयुष्यभर मी तेच तर विणलं. तू सात वर्षांचा असताना अक्कलकोट रोडला कारखान्यात डबा घेऊन यायचास आणि डब्याच्या झाकणावर मागांचा ठेका धरायचास. एकदा म्हणालास, तिसऱ्या मागाचा धोटा लंगडतोय. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरने उघडून पाहिलं तर खरंच. ते मी आजवर किती जणांना सांगितलं आहे, तुला माहीत नाही.

तर भिंत. ताईच्या मोबाईलमध्ये राखीपौर्णिमेचा एक जुना फोटो सापडला, तुम्ही दोघं पुढे आणि मागे ती सगळी नावं. दोन रात्री ती मला एकेक वाचून दाखवते आहे आणि त्या माणसाबद्दल सांगते आहे.

पहिलं फ्रँकी नकल्स. ३१ मार्च २०१४, वय ५९. म्हणजे आज माझं आहे तेवढंच, आणि मधुमेहाने. शिकागोतल्या ज्या वेअरहाउस नावाच्या जागेत तो गाणी लावायचा, तिच्यावरूनच तुमच्या त्या संगीताला हाउस म्हणू लागले, हे तू मला एकदा सांगितलं होतंस. मी तेव्हा पेपर वाचत होतो. त्याच्या खाली त्याचा तरुणपणापासूनचा मित्र लॅरी लेव्हान. न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गॅरेजमध्ये शनिवारी रात्री बसला की रविवार उजाडेपर्यंत उठायचा नाही. १९८७ साली ती जागा बंद झाली. ८ नोव्हेंबर १९९२ ला तो गेला, हृदय थांबलं. वय ३८. दोघं मित्र तू एकाखाली एक लिहिलेस, ते मुद्दाम ना?

मग सोफी. ३० जानेवारी २०२१, वय ३४. अथेन्सला पौर्णिमेचा चंद्र बघायला उंचावर चढली आणि पाय घसरला. आई भाकरी थापत ऐकत होती. ‘चंद्र बघायला गेलं होतं लेकरू,’ एवढंच म्हणाली आणि तवा तसाच तापत राहिला.

अविचीचं नाव तू सगळ्यांत मोठं लिहिलं होतंस. तो शब्द आपल्याकडचाच निघाला, अवीचि, बौद्ध ग्रंथांतला सगळ्यांत खालचा नरक. घरचं नाव टिम. २०१२ साली, २२ वर्षांचा असताना, स्वादुपिंडाला सूज येऊन दवाखान्यात. दारू होतीच. २०१४ ला पित्ताशय काढलं, अपेंडिक्स काढलं. आज हे गाव, उद्या ते, विमानातून उतरायचं आणि मंचावर चढायचं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये इबिझाला शेवटचा कार्यक्रम करून तो थांबला. थांबला होता रे तो! तेच मला सोसवत नाही. शहाण्यासारखा थांबला आणि तरी २० एप्रिल २०१८ ला मस्कतमध्ये गेला. २८ वर्षं. तू आता २७ चा आहेस. त्याच्या आईवडिलांनी नंतर त्याच्या नावाने संस्था काढली, तरुण मुलांच्या मनाच्या दुखण्यासाठी. मी त्या बापाचा फोटो दोनदा मोठा करून पाहिला.

तू किती तास झोपतोस? शुक्रवार, शनिवार, रविवार सलग रात्री, मधे सामान चढवणं-उतरवणं, सोमवारी दुपारी परत दुकान. शरीर हे काही मशीन नाही. मशीनलासुद्धा आम्ही पाळी बदलताना दहा मिनिटं तेलपाण्याला द्यायचो. चहावर रात्र काढता येते, दोन रात्री काढता येतात, तिसऱ्या रात्री शरीर आपल्याला न विचारता ते वसूल करतं. त्या वेळी हातात स्टिअरिंग असलं तर? मधल्या मामाचं मी काढत नाही. पण तूही ते विसरू नकोस.

बघ, पुन्हा तिथेच आलो. माफ कर. तुझ्या आईने कालच बजावलं होतं की पत्रात भाषण नको.

पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती सांगतो. माझ्या डाव्या हाताचं बोट. घरात सगळ्यांना मी सांगितलं की पट्टा निसटला. कारखान्यातही तेच सांगितलं. पट्ट्याला काही झालं नव्हतं. ताई आजारी होती, सलग चौथी रात्रपाळी होती, पहाटेचे साडेतीन-चार झाले असतील आणि उभ्या उभ्या माझा डोळा लागला. क्षणभरच. एवढा खडखडाट चाललेला, चोवीस माग सुरू, आणि त्या आवाजातसुद्धा माणूस झोपतो. आवाजाने जाग राहते असं तू म्हणतोस ना, गाडीत गाणी मोठी लावतो म्हणतोस ना? म्हणून सांगतो आहे. वीस वर्षं मी पट्ट्यावर ढकललं, कारण बापाला डुलकी लागली हे तुला कळू नये असं वाटायचं.

आता शेवटचं नाव. रॉबर्ट माइल्स. ९ मे २०१७, वय ४७, कर्करोगाने, इबिझाला. त्याची ‘चिल्ड्रन’ ही धून मी सोमवारी पहाटे ऐकली. उजव्या कानाला लावून, डाव्याने आता फारसं येत नाही. ताई म्हणाली, त्याचे वडील युगोस्लाव्हियाच्या युद्धातून लहान मुलांचे फोटो घेऊन आले होते, ते बघून सुचलेलं. आणि दुसरं कारण सांगितलं ते ऐकून मी उठून बसलो. इटलीत तेव्हा शनिवारची रात्र नाचून पहाटे घरी निघालेली पोरं रस्त्यावर मरत होती. दमलेली, कानात तोच ठोका, पाय ॲक्सिलरेटरवर. म्हणून रात्रीच्या शेवटी वाजवायला त्याने ते मऊ पियानोचं केलं, पोरांनी जरा निवावं आणि मग गाडीत बसावं म्हणून. गर्दीला नाचवणारे पुष्कळ असतील. या माणसाने पोरं घरी पोचावीत याचा विचार केला. त्याचंही नाव मी पुसलं, राजा. ब्रशच्या एका हातात.

तू शेवटी असं काही लावतोस का? लावत असशील. ताई म्हणते लावतोस, आणि लोक मग आवाज न करता गेटकडे निघतात. तिने व्हिडिओ दाखवला. त्या गर्दीत मंचावर तू एवढासा दिसतोस, पण हात वर केलास की सगळं मैदान थांबतं. तो मी कन्ना चौकातल्या चहावाल्यालाही दाखवला. पण लोक गेल्यावर वायरी गुंडाळून, पेट्या टेम्पोत भरून, मग तू गाडीत बसतोस. त्या वेळी तुला कोण निवांत करतं?

पैसे पाठवू नकोस या महिन्यात. त्यातून एक ड्रायव्हर ठेव, नाहीतर पार्टनरला आळीपाळीने चालवू दे. नाहीतर तिथेच सामानाशेजारी चटईवर आडवा हो आणि उजाडल्यावर निघ. इकडे येताना सरळ रेल्वेने ये.

आज दुपारी मी माळ्यावर गेलो. नवीन रंगावर पेन्सिल नीट उमटत नाही, दोनदा ओढावी लागते. फ्रँकी, लॅरी आणि रॉबर्ट लिहून झाले. अक्षर माझं आहे, तुझ्यासारखं नाही. सोफीचं आई लिहिणार म्हणते. अविचीत ‘वि’ ऱ्हस्व की दीर्घ ते कळव, तोवर जागा सोडली आहे.

फोन करशील तो सकाळी दहाच्या आत करू नकोस. तेव्हा तू झोपलेला असावास.

तुझे,
बाबा